अपेक्षित उत्तर

टँकरच्या आधी टँकरचा वास यायचा. गंजका पत्रा, डिझेल आणि त्यात मिसळलेलं कुजकं शेवाळ. मग वळणावर हॉर्न वाजायचा आणि माणसं बादल्या, कॅन, तेलाचे रिकामे डबे, हाताला लागेल ते घेऊन शाळेकडे धावायची. नदी केव्हाच आटली होती. विहिरीच्या तळाशी चिखल होता आणि चिखलात बेडकं वाळून पडली होती. गावाचं सगळं पाणी आता टेकडीपलीकडच्या जुन्या दगडखाणीतून यायचं, शाळेच्या आवारातल्या सिमेंटच्या टाकीत पडायचं, आणि टाकीच्या तोट्यांवरून घरोघरी जायचं.

टँकरच्या मागच्या फळीवर मास्तरचा बाप उभा असायचा. खाणीत नळी सोडायची, टँकर भरला की झाकण लावायचं, शाळेत आला की तीच नळी टाकीत धरायची, हे त्याचं काम. दिवसभर ओल्या नळीशी झोंबून त्याच्या बोटांची कातडी पांढरी, सुरकुतलेली झाली होती. त्या हातांनी तो घरी जेवायला बसला की मास्तर ताटावरून नजर काढून घ्यायचा.

मास्तर अजून मास्तर झाला नव्हता. शिक्षक तयार करण्याच्या कॉलेजात त्याचं शेवटचं वर्ष चालू होतं. त्याआधी तो खडी फोडायच्या मशीनवर पाट्या वाहायचा. बायकोने हट्टाने कॉलेजचा फॉर्म भरायला लावला तेव्हा गावाने चेष्टेने हे नाव ठेवलं आणि घरात ते सगळ्यात आधी बापाने उचललं.

"मास्तर, पाणी आणायला येताय, का शिपाई पाठवू?"

"आलो अण्णा."

पाणी आणलं की ते गाळायचं. गाळायला बायकोच्या जुन्या सुती कपड्याचं फडकं होतं. फडक्यावर रोज काहीतरी राहायचं. बारीक लाल अळ्या, एखादा पंख, ओळखू न येणारा चिकट बुळबुळीत तुकडा. मास्तर ते झटकायचा, फडकं पिळायचा आणि बोटं पँटला पुसत राहायचा. मग पातेलं चुलीवर चढवून पाणी खळखळ उकळेपर्यंत समोरून हलायचा नाही. बारकी, म्हणजे त्याची मुलगी, शेजारी बसून काटक्या सारायची. ती गावच्याच शाळेत तिसरीत होती.

बायको असताना पाणी उकळायची पद्धत या घरात नव्हती. गेल्या उन्हाळ्यात ती जुलाब-उलट्यांनी गेली. दोन दिवसांत भरलेलं अंग चिपाडासारखं झालं. शेवटी तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. चादरी धुवायला पाणी नव्हतं म्हणून मास्तरने त्या मळ्यात नेऊन जाळल्या. त्यानंतर घरात पाणी उकळायची पद्धत सुरू झाली. का, ते कोणी बोललं नाही.

*

कॉलेजात त्यांना पाठाचं टाचण काढायला शिकवत. पाठ म्हणजे एक तासिका, आणि टाचण म्हणजे त्या तासिकेत काय काय होणार ते आधीच लिहून ठेवायचं. वर उद्दिष्टं. खाली तीन रकाने: शिक्षकाची कृती, विद्यार्थ्याचं अपेक्षित उत्तर, फळ्यावरचं लेखन. मार्गदर्शक बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "पाठ संपल्यावर मूल वर्गाबाहेर जाऊन काय करेल, ते आधी ठरवा. मग उलटं मागे या. हेच चांगलं टाचण."

मास्तरला ते पटलं होतं. त्याने घरी येऊन बायकोला सांगितलंही होतं. पण चार आठवडे गेले आणि कळलं की असं टाचण कोणी काढतच नाही. आधीच्या वर्षाची टाचणं खोक्यात भरून ठेवलेली असत. त्यातलं एक घ्यायचं, तारीख बदलायची, अक्षर आपलं काढायचं. उद्दिष्टं तीच, प्रश्न तेच, आणि मुलांची उत्तरंही तीच. ज्यांनी ती उत्तरं पहिल्यांदा दिली, ती मुलं आता लग्नाला आली असतील. बाईंना हे माहीत होतं. त्या लाल पेनाने रकान्यांच्या रेघा सरळ आहेत का ते बघत.

"उतरवून काढलंय म्हणून काय झालं?" त्याच्या बाकावरचा जाड्या म्हणायचा. "पेढी चालवायची म्हणजे नवं दुकान बांधायचं असं थोडंच आहे? गादीवर बसायचं."

मास्तरनेही उतरवलं. पाठाचा विषय पिण्याचं पाणी. साहित्य: दोन काचेचे पेले, एकात गढूळ पाणी, एकात स्वच्छ. प्रश्न: यांपैकी कोणतं पाणी पिण्यायोग्य आहे? अपेक्षित उत्तर: दुसऱ्या पेल्यातलं, कारण ते नितळ दिसतं. हाच पाठ त्याने पहिल्या वर्षीही घेतला होता. तेव्हा पेल्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या बायकोने करून दिल्या होत्या. तिचं अक्षर सुरेख होतं. 'स्वच्छ', 'अस्वच्छ'. कोपरे कात्रीने गोल कापलेले. त्या चिठ्ठ्या त्याने जपून ठेवल्या होत्या आणि यंदा पुन्हा काढल्या. चिठ्ठ्या होत्या म्हणून हा पाठ घेतला, का हा पाठ घ्यायचा म्हणून चिठ्ठ्या काढल्या, हे त्याला सांगता आलं नसतं.

सरावाचा पाठ गावच्याच शाळेत, तिसरीच्याच वर्गावर होता. बाई मागे खुर्चीवर बसल्या. मास्तरने प्रश्न विचारला. पहिल्या बाकावरच्या मुलांनी हात वर केले, पण त्याची नजर मागच्या बाकावर बारकीवर गेली. तिचाही हात वर होता. घरची मुलगी म्हणून तिला टाळणं त्याला बरं वाटेना.

"तू सांग."

बारकी उभी राहिली. दोन्ही पेले तिने नीट पाहिले.

"बघून कळत नाही," ती म्हणाली.

वर्ग हसला. मास्तरच्या हातातला खडू मोडला. त्याने घाईने पहिल्या बाकावरच्या दुकानदाराच्या पोरीला उठवलं. ती घडाघडा बोलली, "दुसऱ्या पेल्यातलं, कारण ते नितळ दिसतं." मास्तरने "शाब्बास" म्हटलं आणि ते फळ्यावर लिहिलं.

पाठ झाल्यावर बाईंनी टाचणावर लाल शाईने लिहिलं: अनपेक्षित उत्तराला वाव दिला.

"उत्तर चुकलं नव्हतं बाई," मास्तर म्हणाला.

"चूक-बरोबरचा विषय नाहीये. तुमच्या रकान्यात ते आहे का?"

"नाही."

"मग? बाहेरचे परीक्षक येणार आहेत. ते हातात टाचण धरून बसतात. एक वाक्य इकडचं तिकडे झालं की खूण करतात. या पाठावर तुमचं वर्ष आहे. शाळेत जागा आहे, हेडमास्तर तुमचं नाव सुचवायला तयार आहेत. पास झालात तर घराजवळची नोकरी. नाहीतर पुन्हा वर्षभर या." बाईंनी पेनाला टोपण लावलं. "ती तुमची मुलगी ना?"

"हो."

"परीक्षेच्या दिवशी तिला बाहेरच्यांत घाला."

बाहेरचे म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. परीक्षेचा पाठ असला की ज्या मुलांना वाचता येत नाही, जी तोतरी बोलतात, जी काहीच्या बाही बोलतात, त्यांना आधीच वर्गाबाहेर काढून आवारातला कचरा वेचायला लावत. आत नीटनेटकी मुलं उरत. परीक्षक आवारात पाय टाकायचे तेव्हा वेचणाऱ्या मुलांना बघून म्हणायचे, "वा, श्रमाचे संस्कार दिसताहेत."

मास्तर "बरं" म्हणाला. घरी जाताना त्याला स्वतःच्या तोंडाची चव नको झाली. तो दोनदा थुंकला.

*

बारकीला सांगायचं काम त्याने जेवणापर्यंत ढकललं.

"उद्या तू कचरा वेचायला जा."

"का?"

"बाई म्हणाल्या."

"मी त्या बोबड्याबरोबर?"

"हो."

भाताचा एक घास तिने बराच वेळ तोंडात फिरवला.

"माझं उत्तर चुकलं का, बाबा?"

मास्तरने पाणी प्यायलं. बाप भिंतीला टेकून विडी ओढत होता. तो मध्ये बोलला, "चुकलं कसं? तुझा बाप मास्तर. मास्तर म्हणेल ते बरोबर. मास्तरणीने, तुझ्या आईने, लिहून दिलेल्या चिठ्ठ्या आहेत ना त्याच्याकडे, त्या बघून सांगतो तो."

"अण्णा, गप्प बसा."

"मी कुठे बोललो? मी नळी धरणारा माणूस. मला कोण विचारतंय." बापाने विडी विझवली आणि तो बाहेर जाऊन खाटेवर आडवा झाला. पाठ घराकडे करून.

*

परीक्षेच्या दिवशी मास्तर लवकर शाळेत गेला. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, खोक्यात पेले आणि चिठ्ठ्या. गढूळ पाणी करणं सोपं होतं. मैदानावरची माती पेल्यात टाकली की झालं. नितळ पाण्यासाठी तो टाकीच्या तोटीकडे गेला. तोटी उघडली. पाणी आलं, बारीक धारेने, आणि एकदम काचेसारखं. त्याने पेला उचलून उजेडात धरला. त्यात काही नव्हतं. मग तो पेला नाकाजवळ आला आणि कुजका वास आला.

तो लोखंडी शिडीने टाकीवर चढला. झाकण बाजूला सरकवलेलं होतं. आत वाकून बघितलं तर पाण्यावर एक करडा गोळा तरंगत होता. उंदीर होता, घूस म्हणावी इतका मोठा. फुगून दुप्पट झालेला. पोटावरचे केस गळून कातडी पांढरीफटक पडली होती, अण्णांच्या बोटांसारखी. एका बाजूने कातडी फाटली होती आणि तिथून काहीतरी धाग्यासारखं पाण्यात सुटून हलत होतं. त्याच्याभोवती पाणी नितळ होतं. तळाचा गाळ स्वच्छ दिसत होता.

मास्तर खाली उतरला आणि शर्टाची बाही तोंडावर धरून हेडमास्तरांकडे गेला. हेडमास्तर कुंड्यांना चुना फासून घेत होते.

"सर, टाकीत उंदीर मेलाय."

"हळू बोल." हेडमास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. "आज परीक्षक आहेत. आज नको. उद्या बघू."

"पोरं पितात ना सर."

"उन्हाळाभर पितात. एका दिवसाने काय होतंय? तुला पाठ घ्यायचाय ना? जा, तयारी कर. आणि घाम पूस, बावळटासारखा दिसतोयस."

मास्तरने घाम पुसला. बाहेरच्या मुलांना शिपायाने पोती वाटली होती. बोबड्या, एक सतत नाक गळणारी मुलगी, दोन भाऊ, आणि बारकी. बारकीने त्याच्याकडे बघितलं नाही. ती खाली वाकून बिस्किटाचे कागद पोत्यात टाकत होती.

भरलेला पेला त्याच्या हातातच होता. तो ओतून दुसरं पाणी आणायला घर लांब नव्हतं. पण गाडी फाटकातून आत येत होती आणि बाई व्हरांड्यातून हात करत होत्या. तो पेला घेऊन वर्गात गेला. त्यावर चिठ्ठी चिकटवली. गोल कोपऱ्यांची, बायकोच्या अक्षरातली. स्वच्छ.

*

परीक्षक जाडजूड, घामेजलेले गृहस्थ होते. रुमाल कॉलरीत खोचलेला. ते टेबलाजवळच खुर्ची ओढून बसले आणि टाचण मांडीवर उघडलं. बाई आणि हेडमास्तर मागे.

पाठ चांगला चालला. इतका चांगला त्याचा पाठ कधीच झाला नव्हता. प्रश्न पडला की हात वर, हात खाली, उत्तर. परीक्षकांचं पेन ओळीवरून खाली सरकत होतं. त्याला वाटलं, आपण बोलत नाही आहोत, खडी मशीनचा पट्टा फिरतोय आणि आपण नुसते पाट्या टाकतोय.

"यांपैकी कोणतं पाणी पिण्यायोग्य आहे?"

दुकानदाराची पोरगी उभी राहिली. "दुसऱ्या पेल्यातलं, कारण ते नितळ दिसतं."

"शाब्बास." त्याने फळ्यावर लिहिलं: नितळ पाणी पिण्यायोग्य असते. वळला तेव्हा परीक्षक समाधानाने मान हलवत होते. वर्गात उकाडा फार होता. परीक्षकांनी रुमालाने मान पुसली, हात लांब केला आणि टेबलावरचा पेला उचलला. चिठ्ठीचा. हसत मुलांना म्हणाले, "हे प्यायला हरकत नाही ना मग?"

"नाही सर," वर्ग एका सुरात म्हणाला.

मास्तरची नजर खिडकीकडे गेली. गजांच्या पलीकडे बारकी उभी होती. पोतं खांद्यावर, एक हात गजाला. ती फक्त त्याच्याकडे बघत होती. सकाळपासून पहिल्यांदा.

पेला परीक्षकांच्या ओठांपर्यंत गेला होता. मास्तरने पुढे होऊन तो काढून घेतला. ओढाताणीत अर्धं पाणी परीक्षकांच्या शर्टावर सांडलं.

"काय करताय?"

"पिऊ नका सर."

"आत्ताच तर तुम्ही फळ्यावर लिहिलंत."

"हो."

"मग?"

"टाकीत उंदीर मेलाय. फुगलाय. आतडी बाहेर आलीत त्याची."

मग दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा, ज्याने आत्ताच बाटलीतून पाणी प्यायलं होतं, ओकायला लागला. बाकावर, वहीवर, शेजाऱ्याच्या चपलेवर. आंबट वास पसरला. दोघीतिघी नाक धरून पळाल्या. परीक्षकांनी शर्ट छातीपासून दूर धरला होता, दोन बोटांनी, जसं काही त्याला लागण झालीय.

"मूर्खा," हेडमास्तर मागून म्हणाले.

परीक्षकांनी टाचणाखाली उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या. 'टाचण आणि प्रत्यक्ष पाठ यांत मेळ नाही. पाठ पुन्हा घ्यावा, टाचण नव्याने काढावे.' सही केली आणि हात धुवायला निघाले. व्हरांड्यात तोटीशी जाऊन थांबले, तोटीकडे बघितलं, आणि हात न धुताच गाडीत बसले.

बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमची जागा आता राहणार नाही. समजलं ना?"

"समजलं."

"एवढं माहीत होतं तर पेल्यात घरचं पाणी आणायचं."

हे खरं होतं.

*

हेडमास्तर म्हणाले, "तुलाच दिसलं ना? तूच काढ आता." दुपारी टँकर आला तेव्हा बाप फळीवरून उतरला, झाल्या गोष्टी त्याने शिपायाकडून ऐकल्या, नळी खाली टाकली आणि पँट गुडघ्यावर दुमडली. दोघं टाकीत उतरले. पाणी तळाच्या भोकातून सोडून दिलं, तरी घोट्याइतका गाळ राहिला. पाय टाकला की बुडबुडे येत आणि प्रत्येक बुडबुड्यातून वास सुटे. उंदीर फावड्यावर घेताना मधूनच तुटला. मास्तरने तोंड भिंतीकडे करून ओकलं. बापाने उरलेला अर्धा भाग हाताने उचलला आणि बादलीत टाकला.

"फावडं घ्या ना अण्णा."

"फावड्याने निघत नाही."

गाळात आणखी हाडं होती. जुनी, पिवळी, बारीक. पिसं, एक चिमुकली कवटी, चोच. बाप एकेक वेचत होता. प्रत्येक हाड तो बोटांत फिरवून बघायचा, मग टाकायचा. मास्तरला वाटलं हा काहीतरी शोधतोय. मग त्याचं त्यालाच वाटलं, हा मोजतोय, कधीपासून असेल ते.

वरून बारकी दोरीने बादली ओढत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्यावर बाप अंगणातच उभा राहिला. बारकी जवळ गेली तर मागे सरला. "शिवू नको." त्याने राखेने हात घासले, मातीने घासले, नाकाशी धरले, पुन्हा घासले. मास्तर आतून पातेलं घेऊन आला, सकाळी उकळून ठेवलेलं.

"हे कशाला घालवतोस? प्यायचं आहे ते."

"हात पुढे करा."

"अरे, उकळलेलं पाणी हातावर..."

"करा."

बापाने ओंजळ पुढे केली. मास्तरने पाणी ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत. बाप त्या पांढऱ्या बोटांतून खाली गळणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला.

जेवण कोणाला गेलं नाही. अजून उजेड होता. मास्तर उंबऱ्यावर बसला आणि त्याने कोरा कागद मांडीवर घेऊन तीन रकाने आखले. पाठ पुन्हा घ्यायचा होता, जागा असो वा नसो. कागदाला हाताचा वास लागत होता. पहिल्या रकान्यात त्याने प्रश्न लिहिला. दुसऱ्या रकान्यात पेन टेकवून तो थांबला. पेल्यावरून काढून खिशात ठेवलेली चिठ्ठी ओली होऊन तिची शाई पसरली होती. अक्षर आता वाचता येत नव्हतं, कोपरे मात्र गोलच होते.

बारकी त्याच्या खांद्यावरून वाकून मोठ्याने वाचायला लागली. ती अजून एकेका शब्दावर बोट ठेवून वाचायची.

"यांपैकी... कोणतं पाणी... पिण्यायोग्य आहे." ती थांबली. "पुढे काहीच नाही."

"अजून लिहिलं नाही."

खाटेवर बाप पाठमोरा पडला होता. बराच वेळ तो झोपला आहे असंच दोघांना वाटत होतं.

"बघून कळत नाही," तो म्हणाला.

मास्तरने मान वर केली.

"गेल्या वर्षी तिने कॅन पुढे केला तेव्हाही असंच नितळ होतं," बाप भिंतीशी बोलत होता. "मी म्हटलं, सूनबाई, टाकीच्या तळाचं घेऊ नको, वरचं घे, वरचं चांगलं दिसतंय. मीच भरून दिलं. नळी माझ्याच हातात होती." त्याने खाकरून घसा साफ केला. "बघून कळत नव्हतं रे."

बारकी एकदा आजोबाकडे, एकदा मास्तरकडे बघत होती.

मास्तर उठला नाही. उठून जवळ जावं, काहीतरी म्हणावं, असं त्याला वाटलं आणि मळमळूनही आलं, दोन्ही एकदमच. मग त्याने पेन धरलं आणि दुसऱ्या रकान्यात, अपेक्षित उत्तराखाली, बापाने सांगितलं ते लिहिलं: बघून कळत नाही.